संदर्भासहित स्पष्टीकरण

मी पायाळू आहे. म्हणजे या जगात येताना डोके पुढे करण्याची सर्वसाधारण रीत सोडून मी पाय पुढे करून आलो. यात माझे कर्तृत्व काही नाही. पण लहानपणी सुटीत गावी गेलो की या एका गोष्टीमुळे मला जो मान मिळे, तो पुढे एम. ए. होऊनही कधी मिळाला नाही. कंबरेत उसण भरलेले शेजारचे आजोबा ओसरीवर पालथे पडत आणि "जरा पाय लाव रे बाळा" म्हणून आर्जव करीत. आभाळ गडगडू लागले की आजी मला ओढून माजघरात नेई. पायाळू माणसावर वीज पडते, अशी तिची पक्की समजूत होती. परंतु पायाळूची खरी महती निराळीच. त्याला म्हणे जमिनीतले धन दिसते! डोळ्यांत एक विशिष्ट अंजन घालायचे आणि भुईकडे पाहायचे. मातीखालचे हंडे, हंड्यांच्या कड्या, त्यांवर वेटोळे घालून बसलेला नाग, सारे काचेच्या कपाटात मांडल्यासारखे स्वच्छ दिसते.

ते अंजन कशाचे करतात हे गावात कोणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे माझी ही विद्या अद्याप पारखली गेलेली नाही. शिवाय मराठीच्या प्राध्यापकाला जमिनीवरचे धनही फारसे दिसत नाही. तिथे जमिनीखालच्या धनाची काय कथा!

आपल्याकडे प्रत्येक जुन्या वाड्याच्या नावावर निदान एक तरी हंडा असतो. कोणाच्या तरी आत्याने मध्यरात्री साखळीची खळखळ ऐकलेली असते. कोणाच्या तरी चुलत्याला स्वप्नात जागा दाखवलेली असते. आणि तो उठून कुदळ घेईपर्यंत हंडा पुढच्या खणात सरकलेला असतो. ऐकायला या गोष्टी गमतीच्या वाटतात, पण या वेडापायी माणसांनी माणसांचे जीवही घेतले आहेत. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात गुप्तधनासाठी केले जाणारे अघोरी प्रकारही गुन्ह्यांत घालावे लागले, यावरून ही ओढ किती खोल आहे ते ध्यानात यावे.

आता ते अंजन बाजारात मिळते. त्याला मेटल डिटेक्टर म्हणतात. स्टेशनवर किंवा मॉलच्या दारात आपल्या अंगावरून जो फिरवतात, त्याचाच हा रानात हिंडणारा थोरला भाऊ. एक लांब दांडा, त्याच्या टोकाला ताटलीएवढे तारेचे वेटोळे आणि कानांना लावायचे हेडफोन. वेटोळ्यातून सतत दिशा बदलणारी वीज खेळते, तिच्यामुळे भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. मातीत धातूचा तुकडा असला तर त्या क्षेत्रामुळे त्याच्यातही विजेचे भोवरे उठतात. त्या भोवऱ्यांचे स्वतःचे असे एक क्षीण क्षेत्र असते. यंत्र ते टिपते आणि कानात 'टिऽऽ' असा आवाज उमटतो. हंड्यावरचा नाग गेला आणि त्याचे वेटोळे तेवढे यंत्राला लावले, असे मला गमतीने वाटते.

या यंत्राचा जन्म मात्र धनासाठी झालेला नाही. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. ती शरीरात नेमकी कुठे अडकली आहे हे डॉक्टरांना सापडेना. तेव्हा टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलने असे एक यंत्र जुळवून त्यांच्या बिछान्याशी नेले. गोळी काही सापडली नाही. गादीतल्या धातूच्या स्प्रिंगांनी घोटाळा केला, असे सांगतात. पुढे दुसऱ्या महायुद्धात यूझेफ कोसात्स्की नावाच्या पोलिश अधिकाऱ्याने सुरुंग शोधण्याचे यंत्र तयार केले आणि १९४२ साली एल अलामेनच्या वाळवंटात त्याचा मोठा उपयोग झाला. युद्ध संपले आणि सुरुंग शोधणारी ही विद्या हळूहळू हौशी लोकांच्या हाती आली. युरोपात आज शनिवार-रविवारी दांडा खांद्याला लावून रानात जाणारी हजारो माणसे आहेत.

त्या हौशी माणसांपैकी एकाने काय केले, ते मला प्रत्यक्ष पाहायला मिळाले. माझा भाचा उत्तर जर्मनीत ओस्नाब्र्युक शहरी नोकरी करतो. गेल्या उन्हाळ्यात त्याच्याकडे गेलो असता एका रविवारी तो म्हणाला, "मामा, किल्ला-बिल्ला नाही हं, पण तुला आवडेल अशी एक जागा आहे. दिसायला मात्र काही नाही तिथं." ज्या जागी पाहण्यासारखे काही नाही तिथे हौसेने जाणे हा आमच्या घराण्याचा स्वभावच आहे. आम्ही निघालो.

त्या जागेचे नाव काल्क्रीझे. एका बाजूला झाडीने भरलेली ठेंगणी टेकडी, दुसऱ्या बाजूला पूर्वीची विस्तीर्ण दलदल आणि मध्ये वाट चिंचोळी. इसवी सन ९ मध्ये रोमचा सेनापती व्हारुस तीन लीजन सैन्य घेऊन या प्रदेशातून चालला होता. वाटाड्या म्हणून बरोबर होता आर्मिनिउस. जन्माने जर्मन, पण रोमच्या सैन्यात वाढलेला, रोमचे नागरिकत्व मिळालेला. त्यानेच आपल्या लोकांना गुप्तपणे एकत्र करून हे सैन्य रानात गाठले. पंधरा-वीस हजार माणसे मारली गेली, व्हारुसने स्वतःचा अंत करून घेतला. म्हाताऱ्या ऑगस्टस सम्राटाने हा धक्का असा घेतला की त्या तीन लीजनांचे क्रमांक, सतरा, अठरा आणि एकोणीस, रोमने पुन्हा कधीच कोणत्या सैन्याला दिले नाहीत.

लढाई सर्वांना ठाऊक, पण जागा कोणालाच ठाऊक नाही, अशी स्थिती शतकानुशतके होती. विद्वानांनी शेकडो जागा सुचवल्या. डेटमोल्डजवळ तर आर्मिनिउसचा प्रचंड पुतळाच १८७५ साली उभा राहिला, काल्क्रीझेपासून पुष्कळ दूर! १८८५ साली थोर इतिहासकार थिओडोर मोम्झेन याने, या भागातल्या एका जमीनदार घराण्याने जपून ठेवलेली रोमन नाणी पाहून, लढाई इथेच झाली असावी असे म्हटले होते. पण फक्त नाण्यांवर कोणी विश्वास ठेवीना. नाणी काय, व्यापाऱ्याच्या कमरेच्या कशातूनही पडतात.

मग १९८७ साली टोनी क्लन नावाचा एक ब्रिटिश लष्करी अधिकारी ओस्नाब्र्युकच्या छावणीत बदलून आला. त्याला धातुशोधनाचा नाद. परंतु त्याने पहिली गोष्ट केली ती यंत्र बाहेर काढण्याची नव्हे; तो आधी तिथल्या पुरातत्त्व-अधिकाऱ्याला, व्होल्फगांग श्ल्युटर यांना, जाऊन भेटला आणि परवानगी मागितली. मग जुने नकाशे पाहिले, जुनी लष्करी वाट कुठून जात असावी याचा अंदाज बांधला, आणि नंतर दांडा जमिनीला लावला. पहिल्याच उन्हाळ्यात शंभराहून अधिक चांदीची नाणी सापडली. प्रत्येक नाणे कुठे निघाले याची त्याने नोंद ठेवली आणि सगळे श्ल्युटर यांच्या हवाली केले. पुढल्या वर्षी त्याला शिशाच्या तीन गोळ्या मिळाल्या. दिसायला सुपारीपेक्षा काही विशेष नसलेल्या. पण त्या गोफणीच्या गोळ्या होत्या, रोमन सैन्यातले गोफणधारी वापरत तशा. नाणे व्यापाऱ्याचे असू शकते; गोफणगोळी व्यापाऱ्याची नसते. त्या तीन गोळ्यांनी मोम्झेनच्या तर्काला शंभर वर्षांनी पाठबळ मिळाले, आणि १९८९ पासून तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन सुरू झाले.

पुढे काय काय निघाले ते आम्ही तिथल्या संग्रहालयात पाहिले. एका घोडेस्वाराच्या शिरस्त्राणाचा लोखंडी मुखवटा, ज्याच्यावरचा चांदीचा पत्रा कोणीतरी ओरबाडून नेला होता. व्हारुसच्या नावाची आद्याक्षरे ठोकलेली तांब्याची नाणी. माणसांची आणि खेचरांची हाडे एकत्र पुरलेले खड्डे; ती हाडे पुरण्यापूर्वी काही वर्षे उघड्यावर पडून होती, असे तपासणीत दिसले. सहा वर्षांनी जर्मानिकुस सैन्य घेऊन इथे आला आणि त्याने पडलेल्यांची हाडे पुरली, असे टॅसिटसने लिहून ठेवले आहे. मातीने त्याची साक्ष काढली म्हणायची. काही अभ्यासकांना अजूनही शंका आहे, ही जागा व्हारुसची की जर्मानिकुसच्या नंतरच्या मोहिमेतली, असा वाद ते घालतात. पण वाद घालायला त्यांच्या हाती पुरावा आहे, हे महत्त्वाचे.

मला सर्वांत हलवून गेली ती एका खेचराच्या गळ्यातली घंटा. तिच्यात गवत कोंबलेले होते. घंटा वाजू नये, रानात दबा धरून बसलेल्या शत्रूला चाहूल लागू नये, म्हणून कोणा खेचरवाल्याने घाईघाईने उपटून कोंबलेले ते गवत. दोन हजार वर्षे झाली. त्या माणसाचे नाव नाही, गाव नाही, पण त्याचा धसका त्या घंटेत अजून आहे. उत्साही माणसाने ती घंटा उकरून नळाखाली धुतली असती, तर हाती एक स्वच्छ, सुबक घंटा आली असती आणि तो माणूस गटारात वाहून गेला असता.

बाहेरच्या मैदानात रोमन सैन्याची वाट गंजक्या लोखंडी पत्र्यांनी दाखवली आहे. त्या पत्र्यांवरून चालताना पाय आपोआप हळू पडतात. भाचा म्हणाला, "बघ, मी म्हटलं होतं ना, दिसायला काही नाही." मी काही बोललो नाही.

त्याच जर्मनीतले दुसरे एक रान आहे, आणि त्याची कथा याच्या अगदी उलटी. १९९९ सालच्या जुलैत नेब्रा गावाजवळच्या मिटेलबेर्ग टेकडीवर दोन माणसे असेच यंत्र घेऊन हिंडत होती. परवानगी नव्हती, नोंदवही नव्हती. कानात आवाज उमटताच त्यांनी हत्यार चालवले आणि एक काशाची तबकडी बाहेर काढली; काढताना तिची कड दुखावली, सोन्याचा पत्राही उचकटला. तबकडीबरोबर दोन तलवारी, दोन कुऱ्हाडी, कडी असा ऐवज होता. लगेच हा सगळा माल एका व्यापाऱ्याला ३१,००० मार्कांना विकला गेला. मग तो हातोहात फिरत राहिला आणि किंमत वाढत राहिली. अखेर २००२ साली हारल्ड मेलर या पुरातत्त्वज्ञाने गिऱ्हाइकाचे सोंग घेऊन स्विस पोलिसांच्या मदतीने बाझेलच्या एका हॉटेलात तो हस्तगत केला. शोधणाऱ्यांना शिक्षा झाली.

सुमारे तीस सेंटिमीटर व्यासाची ही तबकडी आज हाले शहरातल्या संग्रहालयात आहे. हिरव्या पडलेल्या काशावर सोन्याचा सूर्य किंवा पूर्णचंद्र, सोन्याची चंद्रकोर, तारे, आणि मधोमध सात ताऱ्यांचा एक झुबका. हा झुबका म्हणजे कृत्तिका, असे बहुतेक संशोधक मानतात. आपण ज्यांच्यावरून कार्तिक महिन्याचे नाव ठेवले त्याच या कृत्तिका. एका तलवारीच्या मुठीत बर्च झाडाच्या सालीचा कपटा राहिला होता. त्याच्या तपासणीवरून हा ठेवा इसवी सनापूर्वी १६००च्या सुमारास पुरला असावा असे ठरले. आकाश धातूवर असे उतरवल्याचे इतके जुने उदाहरण दुसरे नाही, असे म्हणतात.

परंतु २०२०मध्ये दोन जर्मन विद्वानांनी प्रश्न केला: ही तबकडी त्या तलवारींबरोबरच पुरलेली होती कशावरून? दरोडेखोरांच्या सांगण्यावरून? तसे नसेल तर ती हजार वर्षे अलीकडचीही असू शकेल. इतर संशोधकांनी तबकडीला आणि तलवारींना चिकटलेल्या मातीची, धातूची परीक्षा मांडून हे म्हणणे खोडून काढले; त्यांचा पुरावा भक्कम आहे. तरी मुद्दा राहतोच. दहा मिनिटांच्या खोदकामाची भरपाई करायला प्रयोगशाळांना वर्षानुवर्षे खपावे लागले, आणि ज्या गोष्टी त्या दहा मिनिटांत पुसल्या गेल्या, त्या कायमच्याच गेल्या.

वर्गात मी मुलांना दरवर्षी एक प्रश्न घालतो. तुम्हीही तो सोडवला असेल: 'संदर्भासहित स्पष्टीकरण करा.' धड्यातले एक वाक्य द्यायचे. मुलाने ते कोणी म्हटले, कोणाला म्हटले, कोणत्या प्रसंगी म्हटले ते सांगायचे आणि मग अर्थ लिहायचा. मुलांना हा प्रश्न कंटाळवाणा वाटतो. "सर, अर्थ तर आलाय, मग संदर्भाचे दोन मार्क का कापले?" असे विचारायला येतात. मी त्यांना सांगतो, "'ये' हा एवढासा शब्द घे. दारात उभी राहून आई म्हणते 'ये', आणि तलवार उपसून वैरी म्हणतो 'ये'. अक्षर एकच. आता अर्थ सांग बरं, संदर्भाशिवाय!" काल्क्रीझेहून परत येताना मला एकदम उमगले, की पुरातत्त्वाचा सगळा खटाटोप म्हणजे हाच प्रश्न आहे. वस्तू हे वाक्य आहे, आणि तिच्या अवतीभवतीची माती हा धडा.

आपल्याकडेही याचे मोठे उदाहरण आहे. १९७४ साली प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबाद येथे, एक भिल्ल शेतकरी झुडपाचे मूळ खणून काढीत होता. मुळाखाली त्याला काशाच्या चार वस्तू मिळाल्या: दोन बैलांचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि म्हैस. भरीव ओतीव काम, चारांचे मिळून वजन साठ किलोंच्या वर. तो बिचारा धन शोधायला गेला नव्हता, आणि त्याला सापडलेल्या या चार चिजांनी महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासात एक नवे दालन उघडले. बहुतेक अभ्यासक त्यांना उत्तर हडप्पा काळातले, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे, मानतात. पण इथेही, त्या वस्तू उत्खननात थरासकट निघाल्या नसल्यामुळे, काळाविषयी मतभेद झालेच. दायमाबादच्या शेतकऱ्याकडे बोट दाखवण्याचा कोणालाही अधिकार नाही. मात्र ज्याच्या हाती यंत्र आहे आणि जो मुद्दाम शोधायला निघाला आहे, त्याची गोष्ट वेगळी.

असा एकजण गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या घरी आला. बारावीला माझ्या वर्गात होता, आता हिंजवडीला मोठ्या पगारावर काम करतो. मुलगा गुणी, गडकिल्ल्यांचे वेड असलेला. सुटीच्या दिवशी झोपून न राहता डोंगर चढणारा. त्याने प्लॅस्टिकचा जेवणाचा डबा टीपॉयवर ठेवला आणि अभिमानाने झाकण उघडले. आत कापसावर तीन शिवराया, शिशाच्या पाच गोळ्या, घोड्याच्या नालाचा तुकडा आणि एक पितळी आकडी. "सर, मशीन घेतलंय. यावरचं जरा वाचून द्या ना. महाराजांच्या वेळचं आहे ना हे?"

मी चष्मा लावला. एका शिवराईवर 'श्री राजा शिव' आणि मागे 'छत्रपति' अशी अक्षरे लागत होती. पण शिवराई हे नाणे महाराजांच्या नंतर पुष्कळ काळ पडत राहिले. पेशवाईतली दुदांडी शिवराई तर सर्वांच्या परिचयाची. आणि इंग्रजी अंमल आल्यावरही ते बाजारात चालत होते. नुसत्या नाण्यावरून काळ कसा सांगावा? मी विचारले, "कुठं मिळालं हे?"

"गडावर."

"कोणत्या?"

तो घुटमळला. "दोन-तीन गडांवरचं आहे, सर. आता सगळं एकाच डब्यात ठेवलंय."

"आणि गोळ्या? त्यातल्या दोन चपट्या झाल्यात बघ. म्हणजे त्या झाडल्या गेल्या आणि कशावर तरी आदळल्या. तीन गोल आहेत. त्या बहुधा झाडल्याच नाहीत, कोणाच्या तरी हातून पडल्या. चपट्या कुठं आणि गोल कुठं, हे कळलं तर हल्ला कुठल्या अंगानं आला आणि आतले लोक कुठं उभे होते, ते सांगता येईल कदाचित. आठवतं का काही?"

तो बराच वेळ गोळ्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, म्हणजे मी चोर झालो का?"

या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? कायद्याचे उत्तर सरळ आहे. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवलाच पाहिजे, असे १८७८ सालचा भारतीय निखात निधी कायदा सांगतो. न कळवल्यास हिस्साही जातो आणि शिक्षाही होते. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला मात्र तो कायदा बराच उदार आहे. मालक न सापडलेल्या जुन्या ठेव्यात तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा धरला आहे, आणि सरकारला ठेवा हवा असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त द्यावा लागतो. संरक्षित गडावर परवानगीवाचून खणणे हा तर स्वतंत्र गुन्हा. हे सगळे मी त्याला सांगितले. पण त्याचा प्रश्न कायद्याचा नव्हता. ज्या गडांवर त्याचे प्रेम, त्यांच्याच पोथीतली पाने आपण फाडून डब्यात भरली, हे त्याला कळले होते, आणि त्याचा चेहरा उतरला होता. मी त्याला म्हटले, "उद्या रजा काढ. दोघं जाऊ."

त्याच्या घरच्यांचा याला विरोध होता. आपणहून कचेरीची पायरी कशाला चढायची, डबा नदीत सोडून द्या आणि मोकळे व्हा, असे त्याच्या वडिलांनी मला फोनवर सांगितले. एका बापाची ती काळजी मला समजत होती. मुलाने मात्र ऐकले नाही. जिल्हाधिकारी कचेरीत लेखी खबर दिली आणि तिथून पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात गेलो. तिथल्या अधिकारी बाईंनी डबा उघडला आणि मी विचारला होता तोच प्रश्न विचारला: "कुठं?"

तेव्हा त्याला आठवले, की गोळ्या सापडल्या त्या दिवशी त्याने मोबाइलवर छायाचित्रे काढली होती. हल्ली छायाचित्रात जागाही नोंदली जाते. पाच गोळ्यांची पाच ठिकाणे, दरवाजाखालच्या उतारावरची, नकाशावर लागली. बाईंचा आवाज पहिल्यांदा जरा मऊ झाला. नाल, आकडी आणि शिवराया यांची मात्र काही केल्या जागा लागेना. त्यांनी नोंदीचा कागद पुढे ओढला आणि वस्तूंपुढे एकेक शब्द लिहीत गेल्या. 'प्राप्तिस्थान : अज्ञात.' 'प्राप्तिस्थान : अज्ञात.' असे पाच वेळा. माझा विद्यार्थी तो शब्द लिहिला जाताना पाहत होता. वर्गात मी त्याचे दोन मार्क कधी कापले असतील, तर त्याहून ही शिक्षा मोठी होती. चौकशी अजून पुरी झालेली नाही. गडाचे नावही मी मुद्दामच सांगत नाही, कारण ते वाचून आणखी कोणी यंत्र घेऊन निघायचा. २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले. बाकीचे शेकडो गड उन्हापावसात एकटे उभे आहेत. त्यांची पोथी त्यांच्या मातीतच आहे, आणि ती एकदाच वाचता येते.

कचेरीतून परत आल्यावर मी त्याला घरी चहाला नेले आणि आमच्या देवघरातली डबी दाखवली. तिच्यातही एक शिवराईच आहे, झिजलेली. माझे आजोबा तलाठी होते. जागेचे वर्णन चतुःसीमेसह लिहिल्याखेरीज त्यांना चैन पडत नसे. डबीत नाण्याखाली त्यांच्या हातची चिठ्ठी आहे: 'विहिरीचे काम. पांढरीच्या शेताचा उगवतीचा कोपरा. तीन हात खोल, राखेच्या थरात. चैत्र शुद्ध ९, शके १८७३.' आणि खाली, ज्या गड्याच्या पहारीला ती लागली, त्याचे नाव. आजोबा पुरातत्त्व शिकले नव्हते. पण जुन्या वस्तीची पांढरी माती, तिची खोली, तिच्यातली राख, हे सारे त्यांनी टिपून ठेवले. त्या चार ओळी आहेत म्हणून ती शिवराई अजून एका गावाची आहे. एरवी ती नुसता तांब्याचा चकता झाली असती. मुलाने त्या चिठ्ठीचे छायाचित्र काढले आणि न बोलता चहा घेतला.

आपण काही रानात यंत्र घेऊन हिंडणारी माणसे नव्हे. पण दिवाळीच्या साफसफाईत आपल्याही हाती पुष्कळ काही लागते. माळ्यावरच्या ट्रंकेत पणजीचा चांदीचा करंडा सापडतो, कोणाचे तरी पदक, पिवळे पडलेले छायाचित्र, किल्ली हरवलेले कुलूप. आईला विचारावे तर ती म्हणते, "हे ना, हे माझ्या आत्येसासूबाईंचं. त्या कोकणातून येताना..." आणि तेवढ्यात फराळाचे तेल तापते, गोष्ट अर्धी राहते. पुढल्या वर्षी ती सांगायला कोणी असेलच असे नाही. मग आपल्याच घरातल्या वस्तूंपुढे 'प्राप्तिस्थान : अज्ञात' असे लिहायची वेळ येते. एवढा एक कागदाचा कपटा आणि दोन ओळी, एवढेच लागते. कोणाचे, कुठले, केव्हाचे. तेल थोडे थांबेल.

लक्ष्मीपूजनाला ती शिवराई आम्ही चिठ्ठीसकट ताटात ठेवतो, नव्या नाण्यांच्या शेजारी. चिठ्ठी मोठ्याने वाचायचा मान माझ्या धाकट्या मुलीचा. गेल्या वर्षी तिने मध्येच थांबून विचारले, "बाबा, उगवतीचा कोपरा म्हणजे नक्की कुठला?" शेत आता दुसऱ्यांचे झाले आहे, पण विहीर आहे. भाऊबीज आटोपली की यंदा तिला घेऊन तिथे जायचे ठरवले आहे.